चर्चची नाताळ सजावट : साधी, स्कँडिनेव्हियन... म्हणजे नेमकी कशी?

सीनाकाठ
सर्वांना सलाम.
मूळची मी नगरची, सध्या मुक्काम मिनियापोलिस. आमचं चर्च लुथरन आहे, नॉर्वे-स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांचं. मंडळीत देशी चेहरे आमच्या घरचेच चार. सप्टेंबरात कॉफी ओतता ओतता मी बोलून गेले की लहानपणी नगरला आम्ही पोरं चर्च सजवायचो. झालं! पुढच्या रविवारी सजावट समितीत माझं नाव.

यंदाची थीम माझ्या आधीच ठरली होती : 'सिंपल स्कँडिनेव्हियन'. नेटवर शोधलं तर सगळीकडे पांढरी भिंत, राखाडी उशी आणि बाटलीत एक वाळकी फांदी. दिवाणखान्यात ठीक आहे, पण उपासनेला आलेल्या माणसाला वाटायचं सामान अजून उतरवायचं राहिलंय.

माहिती देते. दीडशे माणसांची जागा. छत मधोमध २२ फूट, तुळया लाकडी, भिंती पांढऱ्या, दोन्ही बाजूंना पाच-पाच खिडक्या. बजेट ३०० डॉलर. मदतीला सहा बायका, त्यातल्या चार सत्तरीपुढच्या, आणि एक निवृत्त सुतारकाका. शिडीवर चढणारी मी एकटी. कोठीत चाळीस वर्षांच्या प्लास्टिकच्या हिरव्या माळा आणि मखमली लाल बो आहेत. ३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार. काय करू?

थंडोबा
ताई, फांदी बाटलीतच ठेवा. ३०० डॉलर वाचतील, त्यात मंडळीला मिसळ.

वडाची_पारंबी
मराठीत चर्च सजवायचे धागे कधीपासून?

सीनाकाठ
@वडाची_पारंबी, ना. वा. टिळकांच्या नगरात मराठीतच सजवायचो हो, मराठीतच पडायचो शिडीवरून.

उत्तरायण
गोथेनबर्गला बारा वर्षं आहे. माझा धर्म वेगळा, पण बायको इथल्या कॉयरमध्ये गाते, त्यामुळे आगमनकाळाचा पहिला रविवार कधी चुकत नाही. एरवी रिकामी असणारी चर्चं त्या दिवशी गच्च भरतात. फोग्लरचं 'होसियाना' हे गीत सुरू झालं की सगळे उभे.

जे पाहिलंय ते सांगतो. इथे 'स्कँडिनेव्हियन थीम' असं काही नसतंच, अंधार असतो. डिसेंबरात इथे साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे सजावटीचं पहिलं काम खिडकीचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला उजेड दिसला पाहिजे. प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी दीपमाळ, मधला दिवा सगळ्यात उंच. ही विजेची दीपमाळ तशी फार जुनी नाही. १९३०च्या दशकात इथल्याच फिलिप्समध्ये काम करणाऱ्या ऑस्कर अँडरसन नावाच्या माणसाने टाकाऊ दिव्यांच्या माळांमधून ती जुळवली. आज एकही खिडकी तिच्याशिवाय नसते.

तुमच्याकडे दहा खिडक्या आहेत, निम्मं काम तिथेच झालं. वेदीजवळ एक झाड, त्यावर फक्त पांढरे दिवे आणि गवताचे तारे. चमकी नको, रंगीत गोळे नकोत. आणि मुख्य म्हणजे छतावरचे मोठे दिवे मंद करा. सगळे दिवे लखलखत ठेवून कितीही सजवलंत तरी ते लग्नाचं कार्यालयच दिसणार.

केळवण
उत्तरायण, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. आमच्या भावकीतल्या एका कार्यालयाचं वर्णन वाचल्यासारखं वाटलं.

वसईची_वाडी
मी वसईची, कॅथलिक. सीनाकाठताई, एक शंका. ३० नोव्हेंबरलाच सगळं सजवणार? आमच्या देवळात आगमनकाळ म्हणजे जांभळं वस्त्र आणि वाट पाहणं. वेदीवर फुलंसुद्धा बेताची. गोठ्यात बाळ येतं ते २४च्या रात्री, त्याआधी गव्हाण रिकामी. आधीच सगळं झळकवलं तर नाताळच्या रात्रीला काय उरलं?

आणि साधेपणाचं म्हणाल तर आमचा गोठाही साधाच असतो. भाताचा पेंढा, बांबू, आणि आधी पंधरा दिवस ताटल्यांत पेरलेली नाचणी. तिचे हिरवे कोंब म्हणजे शेत. त्याला थीमबिम नाव नाही.

उत्तरायण
@वसईची_वाडी, मुद्दा बरोबर आहे. गंमत म्हणजे स्वीडनच्या चर्चमध्ये पहिल्या रविवारी वस्त्र पांढरं असतं, राजा आला म्हणून. पुढचे रविवार जांभळं किंवा निळं, आणि नाताळला परत पांढरं.

सीनाकाठ
आमच्याकडे चारही रविवार निळं. वसईची_वाडी, तुमचं पटलं. मग टप्प्याटप्प्याने करू का? आधी नुसत्या खिडक्या आणि हिरव्या फांद्यांचं चार मेणबत्त्यांचं कडं (दर रविवारी एक लावायची), बाकीचं नंतर?

वसईची_वाडी
हो. दर रविवारी एक गोष्ट वाढवायची. पोरं बरोबर ओळखतात आज काय नवीन आलंय ते.

खापरपणजी
कोपनहेगनहून हात वर. सगळे पांढरं पांढरं काय लावलंय? डेन्मार्कचा नाताळ लाल आहे! लाल-पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेली हृदयं झाडावर टांगतात, आत सुका मेवा किंवा गोळ्या. सगळ्यात जुनं माहीत असलेलं असं हृदय हान्स क्रिश्चन अँडरसनने केलेलं आहे, १८६०चं. तो गोष्टीवाला कात्रीत फार पटाईत होता. चार मेणबत्त्यांचं कडंसुद्धा इथे चार लाल फितींनी छताला टांगतात.

आणि इथल्या कितीतरी चर्चमध्ये छतापासून एक जहाज लटकत असतं, शिडांचं, पुरतं दोरखंडांसकट. दर्यावर्दी लोकांनी वाहिलेलं. नाताळात त्याला काही करत नाहीत, पण मुलीला आधी तेच दाखवावं लागतं.

मासिकातलं 'स्कँडि' म्हणजे फर्निचर विकणाऱ्यांचा रंग आहे. आज्यांचा रंग लाल.

सीनाकाठ
खापरपणजी, म्हणजे कोठीतले लाल बो वाचले?!

खापरपणजी
मखमली? नाही. ते जाळा.

थंडोबा
जाळण्यावरून आठवलं, तो गवताचा बोकड कुठला?

उत्तरायण
स्वीडनमधल्या येव्हलेचा. (नाशिकच्या येवल्याचा नाही, आधीच सांगतो.) १९६६पासून तिथल्या चौकात नाताळात १३ मीटर उंचीचा गवताचा बोकड उभा करतात आणि कुणीतरी येऊन तो पेटवतं. पहिलाच बोकड ३१ डिसेंबरच्या रात्री जळाला. मग पहारा, कुंपण, कॅमेरे, सगळं झालं, तरी अधूनमधून जळतोच. २०२३ साली तर नवीनच झालं. गवतात दाणे राहिले होते, कावळ्यांच्या जातीतले छोटे पक्षी आले आणि बोकड टोचून टोचून फस्त करायला लागले.

थंडोबा
म्हणजे होळी पण आणि पितृपक्ष पण. सीनाकाठताई, चर्चमध्ये बोकड हवाच.

केळवण
+१ बोकड.

रानफूल_३३
टाम्पेरे, फिनलंड. बोकड राहू द्या, हिम्मेली करा. राईच्या गवताच्या पोकळ काड्या दोऱ्यात ओवून केलेलं टांगतं शिल्प. दारातून कुणी आलं तरी त्या हवेने हळूच फिरतं. पूर्वी ते जेवणाच्या टेबलावर टांगायचे, पीक चांगलं यावं म्हणून.

कृती : १२ काड्यांचा एक अष्टफलक, म्हणजे तळाला तळ जोडलेले दोन पिरॅमिड. काडीचे पेर कापून टाकायचे, कोमट पाण्यात भिजवायची, नाहीतर चिरते. लांब सुई, लिननचा दोरा. एक जमला की त्याच्या टोकाला छोटे टांगत जायचे. दोन संध्याकाळी बोटं दुखतात, तिसऱ्या दिवशी थांबवत नाही.

वडाची_पारंबी
फिनलंड स्कँडिनेव्हियात येत नाही. नॉर्डिक म्हणा.

रानफूल_३३
@वडाची_पारंबी, माहितीये, इथे आल्या आठवड्यातच ऐकवलं होतं. पण 'हिम्मेली' हा शब्द आलाय स्वीडिशमधल्या 'हिम्मेल'वरून, म्हणजे आकाश. तेव्हा व्हिसा द्या त्याला.

वडाची_पारंबी
दिला.

आभाळमाया_पुणे
आकाश म्हणालात म्हणून लिहिते. खिडकीत टांगायचा तो टोकदार कागदी तारा, आत दिवा असलेला, तो आणि आपला आकाशकंदील मला सख्खे भाऊ वाटतात. तो तारा जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या लोकांचा, तिथून स्वीडनला गेला. त्यांच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवायला असे तारे करून घेत. आपल्याकडेही सहामाही संपली की कामट्या, खळ आणि घोटीव कागद घेऊन बसायचोच की.

स्वस्त उपाय सांगते. पांढऱ्या कागदी पिशव्या, जेवणाचा डबा नेतात तसल्या. सात-आठ घ्यायच्या, एकावर एक चिकटवायच्या, गोंद उलट्या 'टी'च्या आकारात. वरचं टोक त्रिकोणी कापायचं आणि पंख्यासारखं उघडायचं. दोन फुटांच्या आतबाहेर तारा होतो. खर्च नगण्य, आणि सत्तरीपुढच्या बायकांना टेबलाशी बसून करता येतो.

मुळा_मुठा
मी विरोधी पक्ष. हे सगळं वाचून चर्च ओकंबोकं दिसेल असं वाटतंय. नाताळ वर्षातून एकदा. माझ्या आजोळी, कोल्हापूरकडे, पताका, झुरमुळ्या, रंगीत बल्ब, फुगे, सगळं लागायचं. आजी म्हणायची, राजा जन्मलाय, कंजुषी कशाला? साधेपणा हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. ज्याच्या घरात वर्षभर साधंच असतं त्याला त्या दिवशी झगमगाट हवा असतो.

उत्तरायण
मुळा_मुठा, तुमची आजी आणि इथल्या जुन्या शेतकऱ्याची बायको यांचं एकमत झालं असतं. त्यांच्याकडेही नाताळ म्हणजे चंगळ होती. भिंतींना रंगवलेले कापडी पट्टे, जमिनीवर गवत अंथरून सगळं घर, नोकरचाकरांसकट, त्यावर झोपायचं. फक्त चंगळ करायला हाताशी होतं ते गवत, लाकूड, मेण. म्हणून ते आज साधं दिसतं.

मुळा_मुठा
हे मान्य. मग 'साधी थीम' म्हणू नका, 'हाताशी होतं ते' म्हणा.

तापीकाठचा
उशिरा आलो. मी नंदुरबार जिल्ह्यातला. स्कँडिनेव्हिया आमच्याकडे थीम म्हणून नाही, माणसं म्हणून आलं. खानदेशात स्वीडिश अलायन्स मिशन आणि स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, दोन्हींचे मिशनरी होते. दुसरीचा संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन, स्वीडनमध्ये जन्मलेला. त्याने १८९० साली अमेरिकेत काम सुरू केलं. १९४९मध्ये त्या संस्थेने नावातून स्कँडिनेव्हियन शब्दच काढला. सीनाकाठताईंच्या चर्चचे पणजोबा आणि आमचे मिशनरी एकाच बोटीने निघालेले असतील, एक मिनेसोटाला उतरला, एक तापीकाठी.

आमच्या चर्चमध्ये आजोबा ज्वारीच्या ताटांचा तारा करायचे. चिपाड सोलून आतला पांढरा गाभा वेगळा, वरची साल वेगळी. गाभ्यात साल टोचली की खिळा नको, गोंद नको. बैलगाडी करायचो तशीच. हे त्यांना कुणी गोऱ्या माणसाने शिकवलं की पोरपणीच्या बैलगाडीतून सुचलं, विचारायचं राहिलं.

केळवण
तापीकाठचा, ती बैलगाडी!! गाभ्याची चाकं. तीस वर्षांनी आठवली.

आभाळमाया_पुणे
आणि बोटाला ती साल कापायची. ब्लेडसारखी.

तंजावरी_सांबार
विषय निघालाच आहे तर आमचाही डेन्मार्कशी धागा आहे. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले मिशनरी १७०६ साली उतरले. त्याच मिशनमध्ये १७५०मध्ये आलेला श्वार्ट्झ पुढे आमच्या सरफोजीराजांचा गुरू झाला. राजांनी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. भोसल्यांच्या राजाने चर्चमध्ये दिलेली वस्तू, अजून आहे.

थंडोबा
बोकडावरून सरफोजींपर्यंत. हा धागा वाचनखुणेत.

पाना_पक्कड
मी अमेरिकेत इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम करतो. रसभंगाबद्दल माफी. इथे बऱ्याच ठिकाणी लोक जमतात अशा इमारतीत स्प्रिंकलर नसतील तर कापलेलं खरं झाड ठेवायला मनाई असते. गवताचंही तेच दुखणं, पेट घेईल असं सुकं काहीही. आधी गावच्या फायर मार्शलला फोन करा, ते लोक चांगले असतात. खऱ्या मेणबत्त्या ठेवणार असाल तर गवत त्यांच्यापासून दूर आणि वर तर अजिबात नको. बाहेर पडायच्या दारांवर, पाट्यांवर काही टांगू नका. कड्यातल्या हिरव्या फांद्या चौथ्या रविवारपर्यंत खडखडीत वाळतात, मधे एकदा बदला.

सीनाकाठ
पाना_पक्कड, फोन केला. बरं झालं केला. स्प्रिंकलर तळघरात आहेत, वर नाहीत! म्हणजे गेली कित्येक वर्षं... असो. खरं झाड रद्द. सुतारकाका लाकडी दांड्यांचं झाड करतो म्हणाले, एका उभ्या खांबाला आडव्या काठ्या, खाली लांब, वर आखूड.

रानफूल, हिम्मेलीचा एक नमुना केला. सुंदर झाला. तुळईला टांगला आणि खालून बघितलं तर मच्छर.

रानफूल_३३
हाहा, हो. २२ फुटांवर गवताची काडी दिसणार नाही. आकार मोठा करा. काडी मिळते वीतभर, त्यामुळे उंच छताला गवत सोडा, बारीक लाकडी दांडे घ्या. १८ इंची १२ दांडे घेतले तर अष्टफलकाची उंची साधारण २५ इंच येईल. तीन-चार वेगवेगळ्या उंचीवर टांगा, मासे धरायच्या दोऱ्याने. खऱ्या गवताचे लहान करून सुतारकाकांच्या झाडावर ठेवा, तिथे जवळून दिसतात.

उत्तरायण
झाडापुढे जागा असेल तर लोखंडी गोलाकार दीपपात्र शोधा, पृथ्वीच्या गोलासारखं, ज्यावर लोक आपापली छोटी मेणबत्ती लावतात. पहिलं असं १९६८ साली उप्सालाच्या कॅथेड्रलमध्ये ठेवलं. आता स्वीडनमधल्या बहुतेक चर्चमध्ये असतं. आमची आई इथे आली तेव्हा तिने दिवा लावून हात जोडले, तिला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

पाना_पक्कड
गवतापासून लांब :)

वडाची_पारंबी
सजावट काढायची कधी, तेही ठरवून ठेवा. आमच्या सोसायटीचा आकाशकंदील शिमग्यापर्यंत असतो.

उत्तरायण
स्वीडनमध्ये १३ जानेवारी, क्नूटचा दिवस. मुलं झाडावरचा खाऊ लुटतात, मग झाड बाहेर.

केळवण
म्हणजे भोगीला. बरोबर आहे, दुसऱ्या दिवशी तिळगूळ.

*(तीन आठवड्यांनंतर)*

सीनाकाठ
धागा वर काढते. काल आगमनकाळाचा तिसरा रविवार झाला.

खिडक्या : दहा दीपमाळा नव्या घ्यायच्या तर बजेट गेलं असतं. मंडळीत विचारलं तर आठ जणांनी घरच्याच आणून दिल्या, आज्यांच्या वेळच्या. दोन विकत घेतल्या. एकीचा दिवा उडला की सगळी माळ बंद, त्यामुळे रविवारी सकाळी माझी पाऊण तासाची फेरी असते.

वर तीन लाकडी अष्टफलक. सुतारकाकांनी चौथाही केला होता, तो टांगताना माझ्या हातून निसटला आणि बाकांच्या मधोमध पडला. कुणाला लागलं नाही. उपासनेनंतर मुलांनी तो खेळायला नेला, परत आलेला नाही. कागदी तारे चोवीस झाले, आज्यांना थांबवता येईना, शेवटी जेवणाच्या हॉलमध्ये टांगले.

छतावरचे दिवे मंद करण्यावरून भांडण झालं. लोकांना स्तोत्राचं पुस्तक दिसेना. तडजोड अशी की आत येताना मंद, पहिल्या गीताला पूर्ण, शेवटच्या गीताला पुन्हा मंद, ते पाठ असतं.

आणि खापरपणजी, तुमच्यासाठी. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर, नव्वदीच्या आजी, नॉर्वेजियन घरातल्या. पहिल्या रविवारी सगळं बघितलं, मला म्हणाल्या, छान आहे, पण लाल कुठेय? पुढच्या रविवारी पर्समधून सुती लाल फित काढली, इस्त्री केलेली, आणि कड्याला स्वतः बांधली. समितीने थीमचं नाव काढलं नाही.

खर्च २१४ डॉलर.

खापरपणजी
आजींना माझा नमस्कार सांगा. मखमली बोंचं काय झालं?

सीनाकाठ
ख्रिसमस सेलमध्ये ठेवले. आमच्या पास्टरबाईंनीच विकत घेतले, घरासाठी.

मुळा_मुठा
बघा. मी काय म्हणत होते.

थंडोबा
ते सगळं ठीक. बोकड?

सीनाकाठ
आहे. फूटभर उंच, दाराशी, पाना_पक्कडदादांच्या नियमाप्रमाणे दाराच्या जरा बाजूला. तापीकाठचा, तुमची पोस्ट वाचून त्याचे पाय मक्याच्या ताटांचे केलेत, ज्वारी इथे कुठली मिळायला. डावा मागचा पाय सारखा वाकतो. गाभ्यात साल किती खोल टोचायची असते?

तापीकाठचा
बोटाच्या पेराएवढी. आणि ताट पुरतं वाळलेलं हवं, ओलं असलं तर दोन दिवसांत सैल होतं. शेकोटीजवळ ठेवा जरा.

पाना_पक्कड
नको!!!